निकमसाहेबांची गस्त

निकमसाहेब माझ्या आयुष्यात आले ते संशयित म्हणून. हॉलंडमधल्या झूटरमेरच्या आमच्या वस्तीचा, चोऱ्यामाऱ्यांवर लक्ष ठेवणारा, एक व्हॉट्सॲप गट आहे. एरवी त्यावर हरवलेली मांजरं आणि चुकीच्या दारी टाकलेली पार्सलं यापलीकडे काही येत नाही. पण पहिल्या टाळेबंदीत सगळी माणसं घरात आणि सगळे डोळे खिडकीत. अशात एके दिवशी डचमध्ये संदेश आला: अनोळखी वयस्कर पुरुष, हातात काठी, डोक्यावर विचित्र तपकिरी टोपी, रोज संध्याकाळी सायकलींची कुलुपं ओढून बघतो, सावध राहा. खाली फोटो. फोटो पाठमोरा होता, पण माकडटोपी काय, पाठीमागूनसुद्धा ओळखू येते! मी चपला अडकवल्या आणि धावतच खाली गेले.

"काका, मराठी का तुम्ही?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आपण कोण?"

"कुलकर्णी. पहिल्या मजल्यावर राहते."

"मग कुलकर्णीबाई, ही लाल सायकल बघा. कुलूप आहे, पण नुसतं चाकाला. खांबाला बांधलेली न्हाई. उचलून खांद्यावर टाकली की झालं काम."

"अहो, पण इथले लोक तुम्हालाच चोर समजतायत!"

यावर माणूस ओशाळेल की नाही? हे उलट खूश. "म्हणजे वस्ती जागी आहे. उत्तम. नोंद घ्या."

'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. मला, सुनेला, डच पोस्टमनला, खिडकीतल्या कबुतरालासुद्धा. संपतराव निकम, निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, मुक्काम सातारा. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा मुलगा प्रवीण आणि सून मृणाल राहतात. साहेब आले होते थोड्या दिवसांचे पाहुणे म्हणून. मग विमानं बंद पडली, मग व्हिसा वाढवून घेतला, मग पुन्हा वाढवला. उभं आयुष्य रस्त्यावर काढलेला माणूस तो, त्या खुराड्याएवढ्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझारा घालायचा. मृणाल म्हणाली, "जमिनीला भोक पडेल गं आता." शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःला बीट नेमून दिलं: इमारत, सायकलींचा मांडव, कालव्याकाठचा रस्ता, बंद पडलेली शाळा, परत इमारत. त्याचं नाव गस्त. फिरायला जातो असं ते चुकूनही म्हणायचे नाहीत.

माझं ऑफिस घरूनच चालायचं, नवरा आइंडहोव्हनला त्याच्या संगणकी चिपांच्या कारखान्यात अडकलेला, आणि बोलायला समोर फक्त स्क्रीन. मीही त्या गस्तीत सामील झाले. दीड मीटर अंतर राखून, ते काठी आडवी धरून मोजून घ्यायचे.

आणि मग सुरू व्हायचं इसेक्स.

झूटरमेरच्या रस्त्यावर साताऱ्याचा फौजदार मला इंग्लंडमधल्या एका काउंटीचा कारभार समजावून सांगायचा, ही गोष्ट आज कुणाला खरी वाटणार नाही. "काउंटी म्हणजे जिल्हा धरा. काउंटी कौन्सिल म्हणजे जिल्हा परिषद, चेम्सफर्डला बसते. खाली डिस्ट्रिक्ट, म्हणजे पंचायत समिती. त्याच्या खाली पॅरिश, म्हणजे ग्रामपंचायत. फक्त साउथएंड आणि थरॉक, या दोघांनी वेगळी चूल मांडलीय. राणीचा एक माणूस असतो, लॉर्ड लेफ्टनंट. मान मोठा, अधिकार काय न्हाई. आणि शेरीफ! पूर्वी शेरीफ म्हणजे काय थाट होता, आता वर्षभर मखमली कोट घालून मिरवायचं नि घरी जायचं."

"आणि पोलीस?" मी मुद्दामच विचारायची. मग काय, स्वारी खुलायची. तिथला पहिला पोलीसप्रमुख आरमारातला कप्तान होता, म्हणून शिस्त कशी जहाजासारखी. शिपायांकडे शिट्टीच्या आधी लाकडी खुळखुळा असायचा. आजकाल तर पोलिसांच्या वर लोकांतून निवडून दिलेला माणूस बसवलाय, आणि आगीचे बंबही त्याच्याच हाताखाली, यावर ते मान हलवून हलवून हसायचे. "आमच्या साहेबाला मत मागत फिरावं लागलं असतं तर? एक मत पडलं नसतं!" काउंटीच्या ढालीवर तीन वाकड्या सुऱ्या आहेत, कोल्चेस्टरचा किल्ला रोमन देवळाच्या चौथऱ्यावर उभा आहे, हे सगळं त्यांना पाठ. मुलाच्या टॅबलेटवर मिळेल ते वाचायचे. त्यांच्या घरात फ्रीजवर लेकानं लावलेली चुंबकं काढून त्यांनी इसेक्सचा नकाशा चिकटवला होता.

एकदा रंगात येऊन म्हणाले, "जुन्या काळी तिथल्या शिपायाला लग्न करायचं तर साहेबाची परवानगी लागायची. नोंद घ्या! परवानगीशिवाय लग्न न्हाई! आणि आमच्या..."

पुढचं वाक्य आलंच नाही. काठीनं रस्त्यावरचं पान उलथंपालथं करत राहिले.

ते वाक्य मला ठाऊक होतं. मृणालनं केव्हाच सांगितलं होतं. त्या इसेक्समध्ये त्यांची मुलगी राहते, वैशाली. एवढा जिल्हा त्यांनी तोंडपाठ केला तो तिच्यासाठी. आणि तिचं नाव मात्र जिभेवर घ्यायचे नाहीत. दोघांमध्ये कित्येक वर्षं शब्द नव्हता.

झालं होतं ते असं. वैशालीला फौजदार व्हायचं होतं. बापासारखंच. लेखी परीक्षा ती पास झाली, आणि राहिली मैदानी चाचणी. निकमसाहेबांचं म्हणणं एकच, "मी खातं आतून बघितलंय, आपल्या पोरीनं त्यात यायचं न्हाई." भांडणं झाली, रडारड झाली, ती ऐकेना. चाचणीच्या दिवशी पहाटे ती बूट घालून खोलीच्या दारापाशी आली तर दाराला बाहेरून कडी. तिनं दार बडवलं, आईला हाका मारल्या. बाप ओसरीवर पेपर वाचत बसला होता. चाचणीची वेळ टळून गेल्यावर कडी निघाली. वैशाली खोलीतून बाहेर आली ती एक अक्षर न बोलता. पुढे शिकायला इंग्लंडला गेली, तिथेच कुणाला न विचारता एका इंग्रजाशी लग्न केलं, तिथलीच झाली, आणि मग इसेक्सच्या पोलिसांत भरती झाली! आईच्या दिवसकार्यालाही ती आली, पाहुण्यासारखी राहिली, गेली. सॅल्यूट नाही, नमस्कार नाही.

मला ऐकून असा संताप आला म्हणून सांगू! दोन दिवस मी गस्तीला गेलेच नाही. मग म्हटलं, या म्हाताऱ्यानं फ्रीजवर नकाशा लावलाय तो काय गंमत म्हणून? गेले पुन्हा.

खरं म्हणजे ते नेदरलँड्सला आलेच होते तिकडे जाण्यासाठी. प्रवीणनं हूक ऑफ हॉलंडहून सुटणाऱ्या बोटीचं तिकीट काढून ठेवलं होतं. ती बोट समुद्र ओलांडते आणि थेट हार्विचला लागते, म्हणजे इसेक्समध्येच. इंग्लंडचा व्हिसाही दोन वर्षांचा पासपोर्टात होता. तेवढ्यात साथ आली आणि ते तिकीट रद्द झालं.

पण उन्हाळ्यात साथ जरा उतरली, इंग्लंडनं इकडच्या लोकांना दार किलकिलं केलं, बोटी चालू झाल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता साहेब निघणार. कसचं काय! आज काय तर हवा बरी नाही, उद्या काय तर मास्कमध्ये दम लागतो. मी एकदा सरळच म्हटलं, "साहेब, बोट चालूय. मग अडलंय कुठे?"

"साथ आहे, बाई."

"साथीचं मला नका सांगू. कालच तुम्ही बाजारात जाऊन टोमॅटो दाबून बघत होता."

मग म्हणाले, "तिकडून बोलावणं आलेलं न्हाई."

म्हणजे हे होतं! लेकीनं आधी फोन करावा. इतक्या वर्षांनंतरही मान त्यांचाच मोठा. मी कपाळाला हात लावला. पुढे दार परत बंद झालं, हिवाळा आला, इंग्लंडात नवा विषाणू निघाला आणि तिकडची विमानंसुद्धा थांबली. मग साहेबांच्या जिवाची जी तगमग सुरू झाली! दुकानं बंद, शाळा बंद, रात्रीची संचारबंदी. ते दिवसातून चार-चारदा गस्त घालू लागले. जेवता जेवता उठायचे. टीव्हीवर इंग्लंडचे आकडे आले की मृणालला विचारायचे, "सदर आकड्यात इसेक्स किती?" पोलिसांना घराघरात पाठवतात की नाही, त्यांना मास्क मिळतात की नाही, लस आधी मिळते की नाही. हे सगळं 'पोलीस' म्हणून विचारायचं. वैशाली म्हणून नाही.

त्याच दिवसांत त्यांनी मला पॉइंटची गोष्ट सांगितली. बंद शाळेच्या फाटकापाशी आम्ही उभे होतो, त्यांच्या गस्तीचं ते शेवटचं टोक.

"इंग्लंडात खेड्यापाड्यात शिपाई एकटा फिरायचा. शेजारच्या बीटाचा शिपाई पण एकटा. मग दोघांच्या हद्दीवर एक जागा ठरलेली. पूल, चर्च, काहीही. त्याला पॉइंट म्हणायचं. हा इकडून यायचा, तो तिकडून. ठरल्या वेळी भेटायचं, एकमेकाचं तोंड बघायचं, परत फिरायचं."

"आणि दुसरा आलाच नाही तर?"

"थांबायचं थोडं. तरी आला न्हाई, तर त्याच्या वाटेनं चालत जायचं. पडला असंल, कुणी मारला असंल, काय सांगावं. मग हद्दबिद्द बघायची न्हाई. आमच्याकडंही तसंच करायचो आम्ही."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं. बोलायला हवं होतं का, कोण जाणे. तो दिवस त्याचा नव्हता.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली आणि आमचा कालवा गोठला. ज्यांनी हॉलंडमधली ती बर्फाची झिंग पाहिली नाही त्यांना कसं सांगू! एरवी घड्याळ बघून हसणारी ही माणसं कामधाम टाकून, आजोबांचे गंजके स्केट काढून कालव्यावर उतरतात. लहान पोरं स्वयंपाकघरातल्या खुर्च्या पुढे ढकलत शिकतात. मी मीटिंगमध्ये होते आणि बाहेरून शिट्टी ऐकू आली. साधीसुधी नाही, खात्याची, कानठळ्या बसवणारी. खिडकीतून बघते तर काय! निकमसाहेब काठावर उभे राहून शिट्टी फुंकतायत आणि काठी हलवून सगळ्या कालव्याला हुकूम देतायत, "मागं या! मागं सरा! ओ ताई, पोराला घ्या वर! फुटंल ते!"

पाण्यावर उभी असलेली माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कृष्णेच्या पुरात माणसं काढलेला माणूस तो. त्यांच्या दृष्टीनं ते सगळं गाव बुडायला निघालं होतं. आणि डच लोक? काही हसत होते, काही वैतागले होते. एकानं पोलिसांना फोन केला.

मी कॅमेरा बंद करून खाली पळाले. मी पोचेपर्यंत आमची वाइकआखेंट, म्हणजे वस्तीची पोलीस, सायकलवरून येऊन उतरली होती. तिशी-पस्तिशीची बाई, गालावर थंडीनं लाल चट्टे, सोनेरी वेणी टोपीखालून बाहेर. निकमसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. तिच्या गणवेशाकडे बघितलं. काठी डाव्या हातात घेतली, टाचा जुळवल्या, आणि असा कडक सॅल्यूट ठोकला की कालव्यावरची दोन पोरं घसरता घसरता थांबली.

बाई गोंधळली, पण हसली. तिनं इंग्रजीत समजावलं, बर्फ पुरेसा जाड आहे, काळजीचं कारण नाही. मग सहज विचारलं, "तुम्ही पोलिसात होता का?"

"येस मॅडम. रिटायर्ड सब-इन्स्पेक्टर." आणि मग, मी शेजारी उभी असताना, त्या परक्या बाईला ते म्हणाले, "माय डॉटर ऑल्सो. पोलीस. इसेक्स काउंटी."

'माय डॉटर.' वर्षभरात पहिल्यांदा.

"अरे वा! काय काम करते ती? आवडतं का तिला?"

निकमसाहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. पहिला पोलीसप्रमुख कोण, शेरीफाचा कोट कसला, ढालीवर सुऱ्या किती, सगळं येत होतं. हे येत नव्हतं.

"आय डोन्ट नो, मॅडम," ते म्हणाले.

आपल्याकडची बाई असती तर विषय बदलला असता. पण ही डच. तिनं सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "मग विचारा की तिला." आणि सायकलवर बसून निघूनही गेली.

परत येताना ते सायकलींच्या मांडवाशी थांबले, पण एकाही कुलपाला हात लावला नाही. डोळे भरून आले होते आणि माकडटोपीनं पुसायची खटपट चालली होती. मला मात्र आता गप्प बसवेना. म्हटलं, "साहेब, पॉइंटवर किती वेळ थांबायचं असतं?"

"थोडा वेळ."

"आणि मग?"

"कळलं, बाई, कळलं." चिडलेच. "बामणाच्या पोरी फार बोलता तुम्ही." आणि जिना चढायला लागले. अर्ध्यावरून हाक आली, "कुलकर्णीबाई! बोटीचं बघायला सांगा प्रवीणला. मी सांगितलं तर पडेल तो खाली."

फोन शेवटी मृणालनंच केला. वैशालीचं उत्तर आलं ते अगदी खात्यातलं, कोरडं: येऊ देत, पण नियमाप्रमाणे आल्यावर माझ्याकडे खोलीत विलगीकरणात राहावं लागेल, बाहेर पाऊल टाकता येणार नाही. मला वाटलं, हे ऐकून म्हातारा बिथरणार. छे! "रास्त आहे," म्हणाले.

नियम थोडे सैल व्हायला जूनच उजाडला. हूक ऑफ हॉलंडच्या धक्क्यावर आम्ही तिघं त्यांना सोडायला गेलो. नाकात चाचणीची काडी घालून घेतलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोटाला इस्त्री, खिशात शिट्टी. आदल्या दिवसापासून अन्न गेलं नव्हतं. मला म्हणाले, "सदर बीट तुमच्याकडं सोपवतो. त्या लाल सायकलवाल्यावर लक्ष ठेवा." मी वाकून नमस्कार केला, तर मागे सरले. "अंतर, बाई, अंतर!" आणि लगबगीनं आत गेले, मागे वळून न बघता. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. आवाज एकदम तरणा. "कुलकर्णीबाई, नोंद घ्या. मी अटकेत आहे. आणि पहाऱ्यावर आमची पोरगी!"

तिथूनच ते पुढे साताऱ्याला परतले. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी, गावात फिरून आल्यावर, चहाचा कप हातात असतानाच गेले. मृणालनं जिन्यातूनच सांगितलं. मी जिन्यातच बसून रडले, आणि कुणी येतंय-जातंय ते बघितलंही नाही.

वैशाली त्यानंतर भावाकडे आली तेव्हा माझ्याकडे चहाला आली होती. तेच कपाळ, तीच बसायची ताठ पद्धत. मी तिला बीटावरून फिरवून आणलं, सायकली दाखवल्या, शाळेचं फाटक दाखवलं. घरी आल्यावर ती आपणहून बोलू लागली. विलगीकरणात आबा, म्हणजे निकमसाहेब, खिडकीपाशी खुर्चीवर बसायचे आणि ही ड्यूटीवरून आली की खोलीबाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर. मध्ये उंबरठा. "पॉइंटवर कोण?" असं आतून विचारायचे. मग हिनं दिवसभराचं सांगायचं. कुणी दारू पिऊन पडलेला, कुणाची सायकल गेलेली, एक म्हातारी घर विसरलेली. ते प्रश्न विचारायचे, तिचं चुकलं तर चुकलं म्हणायचे, आणि एकदा म्हणाले, मी असतो तर मला हे जमलं नसतं.

"पण खोलीचं दार बंद ठेवायचं असतं ना विलगीकरणात?" मी विचारलं.

तिनं कप खाली ठेवला.

"पहिल्या दिवशी बंदच करत होते. बॅग आत ठेवली, पाणी ठेवलं, आणि दार ओढून घेतलं. तर आबा आतून म्हणाले, 'वैशे, बाहेरून कडी लाव.' मला वाटलं चेष्टा करतायत. तर परत म्हणाले, 'लाव तू. माझी हरकत न्हाई.' दाराला हात लावून तशीच उभी राहिले. मग म्हटलं, 'आबा, इथल्या खोल्यांना बाहेरून कडी नसते.'"

"मग?"

"आतून म्हणाले, 'मग उघडंच राहू दे, पोरी.'"